आमच्या गावचा बर्गर

८ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर धडकलं आणि ह्यूस्टन शहर व आसपासच्या भागातल्या वीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. कुठे वीज आली, कुठे अजून अंधार आहे, हे दाखवणारा वीज कंपनीचा नकाशा नेमका त्या दिवसांत उपलब्ध नव्हता. तेव्हा कुणाला तरी ‘व्हॉटअबर्गर’ या बर्गरच्या दुकानांचं मोबाइल ॲप आठवलं. त्या ॲपच्या नकाशावर चालू असलेलं दुकान नारिंगी दिसतं आणि बंद असलेलं राखाडी. एरवी चोवीस तास उघडं असणारं दुकान बंद आहे, म्हणजे त्या भागात वीज नाही, इतका सरळ हिशेब. ही युक्ती बघता बघता शहरभर पसरली आणि तिची बातमी देशभर छापून आली.

टेक्सासबाहेरच्या माणसाला याचं नवल वाटलं, टेक्सासच्या माणसाला फारसं नाही. तिथे हे दुकान गावोगावी आहे. हार्मन डॉब्सन यांनी १९५० साली कॉर्पस क्रिस्टी या बंदराच्या गावात ते सुरू केलं. दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा मोठा बर्गर विकायचा, हा त्यांचा हट्ट होता. म्हणून पाव पाच इंची केला. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं त्रिकोणी छप्पर पुढे महामार्गांवरची ओळखीची खूण झाली. २००१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून या दुकानाला टेक्सासचा ठेवा म्हणून गौरवलं. त्यामुळे २०१९ मध्ये डॉब्सन कुटुंबाने बहुतांश मालकी शिकागोच्या बीडीटी कॅपिटल पार्टनर्स या कंपनीला विकली, तेव्हा लोक मनापासून चिडले. मुख्य कार्यालय सॅन अँटोनियोतच राहील, असं कंपनीने लगेच सांगितलं, तरी राग शमला नाही. आपण सगळे वर्गणी काढून दुकान परत विकत घेऊ, असं ह्यूस्टनच्या संघाचा तेव्हाचा फुटबॉलपटू जे. जे. वॉट याने जाहीरपणे सुचवलं होतं.

अमेरिकेत सर्वांत चांगला बर्गर कुठे मिळतो, हा प्रश्न चार अनोळखी माणसांत टाकून बघावा. राजकारणावर गप्प बसणारी माणसंही इथे हिरिरीने बोलू लागतात. आणि बहुतेक वेळा वाद येऊन थांबतो तो टेक्सासच्या व्हॉटअबर्गरवर आणि कॅलिफोर्नियाच्या ‘इन-एन-आउट’वर.

इन-एन-आउटची गोष्ट १९४८ सालची. हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये एक टपरीवजा दुकान काढलं. गाडीतून न उतरता ध्वनिक्षेपकावर ऑर्डर सांगायची आणि पुढच्या खिडकीतून पुडा घ्यायचा, ही सोय त्यांनी तिथे सुरू केली. त्याच वर्षी तासाभराच्या अंतरावर सॅन बर्नार्डिनो गावात मॅकडोनाल्ड बंधूंनी आपलं दुकान नव्या झटपट पद्धतीने पुन्हा उघडलं होतं. दोन्ही दुकानांचा प्रदेश एक, काळ एक, गिऱ्हाईकही एकच. पण मॅकडोनाल्ड्सने परवाने देत जगभर चाळीस हजारांच्या वर शाखा उभ्या केल्या आणि इन-एन-आउटची दुकानं आज चारशेच्या थोडी पुढे आहेत. परवाना कुणालाच दिला जात नाही, मालकी आजही त्याच कुटुंबाकडे आहे. दुकानात फ्रीझर नाही, मायक्रोवेव्ह नाही. मांस कंपनीच्या स्वतःच्या केंद्रातून ताजं येतं, बटाटे दुकानातच कापले जातात. या केंद्रापासून ट्रक जिथवर सहज पोचतो, तिथवरच नवं दुकान निघतं. म्हणूनच १९९२ मध्ये नेवाडा, २००० मध्ये ॲरिझोना, २००८ मध्ये युटा अशा सावकाश चालीने हे दुकान पूर्वेकडे सरकलं.

२०११ मध्ये ते टेक्सासमध्ये आलं, त्याआधी डॅलसला मांसाचं केंद्र उभं राहिलं होतं. पहिल्या दिवसांत गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या. इथून दोन्ही राज्यांमधल्या भांडणाला खरा रंग चढला. कॅलिफोर्नियावाले ताज्या मालाचा, आटोपशीर यादीचा आणि कमी किमतीचा दाखला देतात. यादी खरोखरच छोटी आहे: साधा बर्गर, चीज घातलेला, दुहेरी, बटाट्याच्या काड्या आणि शेक. बाकीचे प्रकार तोंडोतोंडी चालतात. ‘ॲनिमल स्टाइल’ म्हटलं की मांस मोहरीच्या सॉसमध्ये भाजून वर तपकिरी परतलेला कांदा पडतो. ‘प्रोटीन स्टाइल’ म्हटलं की पावाऐवजी लेट्यूसची पानं येतात. टेक्सासवाले बटाट्यांवर बोट ठेवतात. ते एकदाच तळलेले असतात, त्यामुळे लवकर मऊ पडतात, ही तक्रार अगदी रास्त आहे. शिवाय रात्री तीन वाजता भूक लागली तर तुमचं दुकान उघडं असतं का, हा त्यांचा हुकमी सवाल. याला कॅलिफोर्नियाकडे उत्तर नाही.

पूर्व किनाऱ्यावरचे लोक मध्येच ‘शेक शॅक’ आणि ‘फाइव्ह गाइज’ यांची नावं घुसवतात. पहिलं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर पार्कमधल्या हॉट डॉगच्या गाडीतून निघालं आणि २००४ मध्ये तिथेच पक्कं दुकान झालं. दुसरं १९८६ मध्ये व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनचं. दोन्ही चांगलीच आहेत. पण आता ती जगातल्या कितीतरी शहरांत मिळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी गळ्याच्या शिरा ताणून भांडणारा माणूस सापडणं कठीण.

मोठ्या साखळ्यांच्या या भांडणात एक गोष्ट झाकली जाते. अमेरिकेतले खरे प्रादेशिक बर्गर या साखळ्यांत नाहीतच. ते रेल्वेच्या जुन्या गावांत, कोपऱ्यावरच्या बारमध्ये, दहा-बारा स्टुलांच्या खोलीत आहेत. तिथला प्रत्येक प्रकार त्या गावच्या अडचणीतून किंवा त्या मातीत पिकणाऱ्या मालातून जन्मला आहे.

ओक्लाहोमा राज्यातलं एल रिनो घ्या. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेचं हे छोटं गाव, प्रसिद्ध ‘रूट ६६’ इथूनच जातो. रॉक आयलंड रेल्वेच्या दुरुस्तीच्या कारखान्यांवर गावाचं पोट चालायचं. १९२२ साली देशभरातल्या रेल्वे कारखान्यांत सुमारे चार लाख कामगारांचा संप झाला आणि एल रिनोच्या घराघरांतला पगार थांबला. मांस महाग, कांदा स्वस्त. तिथल्या ‘हॅम्बर्गर इन’ या खानावळीने यावर तोड काढली, असं गावात सांगतात: मांसाचा छोटा गोळा तव्यावर टाकायचा, त्याच्यावर कागदासारख्या पातळ चिरलेल्या कांद्याचा ढीग ठेवायचा आणि उलथण्याने सगळा भार देऊन दाबायचा. कांदा मांसात रुतून बसतो. उलटला की तो खाली जातो, चरबीत तळला जातो, कडेने काळपट, कुरकुरीत होतो आणि आत गोड राहतो. शेवटी वर पाव ठेवायचा, म्हणजे कांद्याच्या वाफेवर तो मऊ होतो. मूठभर मांसात पोटभर जेवण, तेही काही सेंटमध्ये.

संप मिटला, कारखाने पुढे बंद झाले, कांदा मात्र राहिला. १९२६ पासूनचं ‘रॉबर्ट्स ग्रिल’, त्यानंतरचं ‘जॉनीज’ आणि ‘सिड्स’ ही तिन्ही दुकानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि तिघांचे गिऱ्हाईक वेगवेगळे. कांदा किती जाड असावा, मांस किती दाबावं, यावर तिथे मतभेद आहेत. दरवर्षी गावात कांद्याच्या बर्गरचा उत्सव भरतो आणि साडेआठशे पौंडांचा, म्हणजे पावणेचारशे किलोंच्या वर वजनाचा एक बर्गर सगळ्यांदेखत भाजला जातो. जॉर्ज मॉट्झ यांनी अमेरिकेतले असे जुने बर्गर हुडकण्यात वर्षानुवर्षं घालवली, त्यांच्यावर माहितीपट केला, पुस्तक लिहिलं. २०२३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं दुकान उघडलं, तेव्हा यादीत मानाचं स्थान दिलं ते ओक्लाहोमाच्या या कांदा बर्गरला.

दाबून पातळ करण्यामागे शास्त्रही आहे. तापलेल्या लोखंडाला मांसाचा जितका जास्त भाग चिकटतो, तितका तो तपकिरी होतो आणि भाजक्या चवीचे घटक त्या तपकिरी थरातच तयार होतात. जाड बर्गरवाले म्हणतात, त्यात आतला रस जातो. पातळवाले म्हणतात, कडा कुरकुरीत नसतील तर रसाचं काय करायचं? ही दोन घराणी देशभर आहेत. पातळ घराण्याचा मूळपुरुष म्हणता येईल असं ‘व्हाइट कॅसल’ १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात निघालं. अप्टन सिंक्लेअर यांच्या १९०६ सालच्या ‘द जंगल’ या कादंबरीने मांसाच्या कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली होती, लोकांना खिम्याची भीती बसली होती. म्हणून या दुकानाने इमारत पांढरी, भिंती चकचकीत, स्वयंपाक गिऱ्हाईकासमोर, असा थाट ठेवला आणि पाच सेंटला छोटा चौकोनी बर्गर विकला. बर्गर हे सभ्य माणसाने खाण्याचं अन्न आहे, हे अमेरिकेला पटवण्याचं मोठं श्रेय याच दुकानाला जातं. पुढे १९३८ मध्ये त्याने आपलं जन्मगाव विचिटाच सोडलं.

मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसमध्ये तर सगळं भांडण एकाच रस्त्यावर आहे. सीडर ॲव्हेन्यूवर पस्तिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला ‘मॅट्स बार’, आणि त्याच रस्त्याने दक्षिणेला गेलं की अठ्ठावन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला ‘५-८ क्लब’. दोघांचा दावा एकच: चीज मांसाच्या वर न ठेवता दोन थरांमध्ये बंद करून भाजायची कल्पना आमची. ‘जूसी लूसी’ या नावाने ओळखला जाणारा हा बर्गर वाढणारा आधी बजावतो, थोडं थांबा. कारण आतलं चीज वितळून उकळत असतं आणि घाईने चावा घेणाऱ्याची जीभ पोळते. मॅट्सची कहाणी १९५४ सालची आहे. ५-८ क्लबची इमारत त्याहून जुनी, दारूबंदीच्या काळात तिथे चोरून दारू मिळायची. बराक ओबामा २०१४ मध्ये शहरात आले, तेव्हा मॅट्समध्ये जेवले. मॅट्सच्या बाजूच्या लोकांनी हा निकाल मानला, दुसऱ्या बाजूच्यांनी अर्थातच नाही.

न्यू मेक्सिकोत प्रश्न मांसाचा नाहीच, मिरचीचा आहे. हॅच खोऱ्यात पिकणारी लांबट हिरवी मिरची तिथे आगीवर भाजतात, साल काढतात, चिरतात आणि चीजच्या थरावर घालतात. उन्हाळा संपता संपता दुकानांबाहेर लोखंडी जाळीची पिंपं फिरताना दिसतात, मिरची भाजल्याचा वास गावभर पसरतो. याच राज्यातल्या सॅन अँटोनियो नावाच्या चिमुकल्या गावात ‘आउल बार’ आहे. १९४५ च्या जुलैमध्ये तिथून थोड्याच अंतरावर वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, आणि त्या कामावरची माणसं याच बारमध्ये जेवायला येत असत, हे तिथे अभिमानाने सांगितलं जातं. त्याच गावातलं ‘बकहॉर्न’ हे त्याचं प्रतिस्पर्धी. त्याचे तेव्हाचे मालक बॉबी ओल्गिन यांनी दूरचित्रवाणीवरच्या एका स्पर्धेत बॉबी फ्ले या नामवंत शेफला हरवलं होतं. मूठभर वस्तीच्या गावात दोन नामांकित बर्गर, आणि रस्ता ओलांडला की पक्ष बदलतो. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. कोल्हापूर, पुणे आणि नाशिक यांच्यात मिसळीवरून जे चालतं, तेच इथे दोन दरवाज्यांत चालतं.

अशी उदाहरणं पुष्कळ. विस्कॉन्सिन दुधाचं राज्य. तिथे रंग घातलेलं मार्गारिन, म्हणजे नकली लोणी, विकायला १९६७ पर्यंत बंदी होती. मग मिल्वॉकीजवळच्या ‘सॉलीज ग्रिल’चा बर्गर लोण्यात पोहतो यात नवल नाही. कनेक्टिकटच्या मेरिडेनमध्ये ‘टेड्स’ हे दुकान १९५९ पासून मांस आणि चीज दोन्ही वाफेच्या पेटीत शिजवतं. मिसिसिपीतल्या कॉरिंथमध्ये मांस पुरवठ्याला यावं म्हणून त्यात पीठ मिसळून तळायची पद्धत पडली, मंदीच्या काळात तिने अनेकांना जगवलं आणि आता त्याच बर्गरच्या नावाने उत्सव होतो. सॉल्ट लेक सिटीत ग्रीक स्थलांतरितांनी बर्गरवर पास्ट्रामी या खारवलेल्या मांसाचे मसालेदार काप रचले. हवाईतल्या हिलोमध्ये पावच गेला, मांसाची टिक्की भातावर आली, वर अंडं आणि रस्सा.

मुळात बर्गर कुणी काढला, यावरही पाच-सहा गावं हक्क सांगतात. विस्कॉन्सिनमधलं सीमोर म्हणतं, १८८५ च्या जत्रेत पंधरा वर्षांच्या चार्ली नॅग्रीनने मांसाचे गोळे चपटे करून पावात घातले, म्हणजे लोकांना ते हातात धरून फिरता येईल. न्यूयॉर्क राज्यातलं हॅम्बर्ग म्हणतं, त्याच वर्षी आमच्या जत्रेत मेंचेस बंधूंकडचं डुकराचं मांस संपलं आणि त्यांनी गोमांस वापरलं. टेक्सासमधलं अथेन्स फ्लेचर डेव्हिस यांचं नाव पुढे करतं, तर ओक्लाहोमातलं टल्सा ऑस्कर बिल्बी यांचं. सीमोरने १९८९ मध्ये साडेपाच हजार पौंडांहून जड बर्गर भाजून आपला दावा वजनाने मांडला. पण १८९० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांत बर्गरसारख्या सँडविचचे उल्लेख वेगवेगळ्या राज्यांतून मिळतात. जर्मन स्थलांतरितांमुळे हॅम्बर्ग पद्धतीचं मांस देशात माहीत होतंच. ते पावात घालण्याची कल्पना एकाच वेळी अनेकांना सुचली असणार, हेच जास्त पटतं.

या दावेदारांत न्यू हेवनच्या ‘लुईज लंच’ची बाजू तरी आजही जाऊन बघता येते. लॅसन कुटुंबाचं हे दुकान १८९५ चं. १९०० साली घाईत असलेल्या एका गिऱ्हाईकासाठी त्यांनी दोन पावांच्या मध्ये मांस घालून दिलं, अशी त्यांची कथा. आजही ते मांस १८९८ च्या सुमाराच्या लोखंडी शेगडीत उभं टांगून भाजतात आणि भाजलेल्या साध्या पावात देतात. चीज, कांदा, टोमॅटो मिळेल; केचप मागितलं तर मिळणार नाही. १९७५ मध्ये जुनी जागा पाडली जाणार होती, तेव्हा ती छोटीशी इमारतच उचलून नव्या रस्त्यावर नेली.

आता मराठी वाचकाच्या मनातला प्रश्न. हा सगळा पदार्थ गोमांसाचा. आपल्यातल्या बहुतेकांच्या ताटात तो येत नाही. तरी अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबं या दुकानांत जातात, कारण मुलांच्या शाळेतले मित्र, ऑफिसातले सहकारी तिथेच भेटतात. इन-एन-आउटमध्ये ‘ग्रिल्ड चीज’ मागितलं की मांसाशिवाय, चीज आणि भाज्यांचा बर्गर मिळतो, आणि बटाटे सूर्यफुलाच्या तेलात तळलेले असतात. शेक शॅकमध्ये चीज भरून तळलेल्या मोठ्या मशरूमचा बर्गर आहे. व्हाइट कॅसलने २०१८ मध्ये वनस्पतीजन्य टिक्कीचा छोटा बर्गर आणला. मात्र तवा बहुतेक ठिकाणी एकच असतो, हे कटाक्षाने पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

विचारून खाण्याची गरज का आहे, हे एका जुन्या प्रकरणाने दाखवलं. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये बटाटे वनस्पती तेलात तळायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं. शाकाहारी माणसं निश्चिंत झाली. बटाट्यांना गोमांसाचा स्वादार्क लावला जातो, हे नंतर उघड झालं आणि २००१ मध्ये सिएटलचे भारतीय वंशाचे वकील हरीश भारती यांनी खटला भरला. त्याचे पडसाद ठाण्यापर्यंत उमटले, तिथल्या दुकानाची मोडतोड झाली. भारतातल्या बटाट्यांत असा स्वादार्क नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागितली आणि हिंदू व शाकाहारी संस्थांसह इतरांना मिळून एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. त्या खटल्यानंतर अन्नातले घटक स्पष्ट सांगण्याबाबत अमेरिकेतल्या साखळ्या बऱ्याच सावध झाल्या, आणि त्याचं श्रेय चिकाटीने प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांना द्यायला हवं.

मग सर्वांत चांगला बर्गर कुठला? साखळ्यांपुरतं बोलायचं तर ताज्या मालाचा आग्रह आणि वाढीचा लोभ आवरल्याबद्दल इन-एन-आउटचं पारडं जड आहे; मात्र ते देशभर पसरत गेलं तर हा मोठेपणा टिकवणं त्यालाही अवघड जाईल. पण सगळ्यांत वरचा मान एल रिनोच्या कांद्यालाच. लोणी, मिरची, चीज ही चैन आहे. एल रिनोत टंचाईतून नवी चव निघाली आणि शंभर वर्षं त्याच गावात, त्याच दरवाज्यांमागे टिकली. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी, स्वतः मांस खात असोत वा नसोत, एखाद्या प्रवासात महामार्ग सोडून अशा गावात थांबावं, काउंटरवर बसून काम बघावं, शेजारच्या स्टुलावरच्या माणसाला त्याचं मत विचारावं. जुनी दुकानं लवकर बंद होतात, वेळ आधी विचारून घ्यावी. एल रिनोचा उत्सव मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असतो.